एकही खड्डा नव्हता

प्रिय दादा,

तुला नमस्कार, मामांना नमस्कार आणि मामींना सगळ्यांत मोठा नमस्कार, कारण सध्या तुला सांभाळायचं काम त्यांच्याकडे आहे. फोन तू उचलत नाहीस. मामांच्या फोनवर केला तर ते म्हणतात, "तो अंगणात आहे," आणि मागून खडी ओतल्याचा आवाज येतो. मामींनी वहिनीला कळवलंय की तू गेल्यापासून फाटकापासून विहिरीपर्यंतची वाट खणलीस, तिच्यात खडी घातलीस, वरून पाण्याने भरलेलं पिंप लोळवून ती सपाट केलीस आणि आता गोठ्याच्या दिशेने निघाला आहेस. मामींची तक्रार नाही. फक्त गाय त्या नव्या वाटेवर पाय ठेवायला तयार नाही, ती बाजूच्या गवतातून जाते, एवढंच त्या म्हणाल्या. रजा घेऊन विश्रांतीसाठी गेलेला माणूस असा असतो का, असंही म्हणाल्या. वहिनी म्हणाली, आमच्याकडचा असाच असतो.

फोनवर तुझ्याशी बोलायचं म्हणजे अवघडच. मी तोंड उघडलं की तू मध्येच "हं" म्हणतोस आणि तुझं "हं" आलं की माझं पुढचं वाक्य घशातच राहतं. पत्रात तुला ती सोय नाही. मला तुला आमच्या प्रात्यक्षिकाच्या दिवसाबद्दल सांगायचंय. तू विचारलं होतंस, कसं झालं. आम्ही सगळ्यांनी एका सुरात सांगितलं, छान झालं. आईने सांगितलं, वहिनीने सांगितलं आणि माझ्या भागीदारणीने तर तोंडभरून सांगितलं. (तू तिला निवेदिका म्हणतोस, कारण ती चहा हवा का हेसुद्धा जाहीर केल्यासारखं विचारते. मीही पुढे तेच नाव वापरते.) आता ते खरोखर कसं झालं ते लिहिते. हातातलं घमेलं खाली ठेव आणि कुठेतरी टेकून वाच.

आधी यंत्राबद्दल. ते मी तुला आजवर कितीतरी वेळा समजावलं आणि प्रत्येक वेळी तू माझ्याकडे न बघता आमच्या कारखान्याच्या फरशीकडे बघत होतास. एकदा तर मी अगदी रंगात येऊन सांगत असताना तू खिशातून गोटी काढून जमिनीवर सोडलीस, ती कुठे जाते ते पाहिलंस आणि म्हणालास, "उतार चुकलाय." त्यामुळे पुन्हा एकदा, थोडक्यात. चाक खड्ड्यात गेलं की गाडीला हिसका बसतो. तो सोसायला प्रत्येक चाकाजवळ शॉकॲब्सॉर्बर असतो. साध्या शॉकॲब्सॉर्बरच्या आत तेल असतं. दांडा वरखाली होतो, तेल तापतं आणि हिसक्यातला सगळा जोर त्या तापण्यात वाया जातो. आम्ही तेलाच्या जागी दाते असलेला दांडा आणि दातेरी चाकं बसवली. दांडा वर जावो नाहीतर खाली येवो, आतली चकती एकाच दिशेला फिरते, तिच्यामुळे छोटा डायनॅमो फिरतो आणि गाडीची बॅटरी भरते. म्हणजे आजवर जे फुकट जात होतं त्यातून वीज.

इथपर्यंत तुझ्या कानावरून गेलेलं आहे. यापुढचं मी तुला कधीच सांगितलं नाही. हिसका नसेल तर वीज नाही. आमचं यंत्र खड्ड्यांवर जगतं. चांगल्या रस्त्यावर ते गाडीखाली नुसतं लटकून राहतं, लग्नाला नाइलाजाने आलेल्या पाहुण्यासारखं. रस्ता जितका वाईट तितका आमचा दिवस चांगला. आता तूच सांग, ज्याने नगरपालिकेच्या रस्ते विभागात उमेदीची सगळी वर्षं घातली, त्या सख्ख्या भावाला हे जेवणाच्या टेबलावर कसं सांगायचं? तू दिवसभर जे बुजवून येतोस त्याच्यावरच माझं पोट आहे, असं? तू उन्हातून भाजून यायचास, बुटांना डांबर चिकटलेलं असायचं, आणि माझी जीभ उचलायची नाही. माहितीपत्रकातसुद्धा मी "असमतल पृष्ठभाग" असे शब्द घातले. निवेदिकेने विचारलं, म्हणजे काय? म्हटलं, म्हणजे खड्डा, पण दादाच्या लक्षात येणार नाही असा.

प्रात्यक्षिकासाठी आम्ही रस्ता निवडला तो बस आगारापासून पाण्याच्या टाकीपर्यंतचा. सगळं शहर हिंडून, मोजमापं घेऊन निवडला होता. त्याच्या तोडीचा वाईट रस्ता तुझ्या हद्दीत दुसरा उरला नव्हता. आमचा त्याच्यावर जीव जडला होता, दादा. खड्ड्यांना आम्ही नावं ठेवली होती. आगाराच्या दारातला रुंद आणि उथळ तो "मावशी", शाळेसमोरचे शेजारी शेजारी दोन ते "जुळे", आणि टाकीच्या अलीकडे एक होता त्याला नुसतंच "साहेब" म्हणायचो, कारण त्याच्यापुढे सगळ्या गाड्या आपोआप हळू व्हायच्या. साहेबामध्ये मागचं चाक गेलं की यंत्र लावलेल्या चाचणीच्या बसमधले आमचे सगळे दिवे एकदम लागायचे. निवेदिकेने भाषणसुद्धा असं बसवलं होतं की "आणि आता पाहा" हे शब्द बरोबर साहेबावर यावेत.

बस कंपनीच्या मुख्य अभियंत्यांनी महिनोन् महिने टाळाटाळ करून शेवटी तारीख दिली. त्यांना पटलं तर शहरातल्या सगळ्या बसना आमचं यंत्र लागणार होतं. नाही पटलं तर कारखान्याला कुलूप लावून निवेदिका शाळेत शिकवायला आणि मी कुठेतरी नोकरीला, हे आमचं ठरलेलं होतं. रविवारी जेवताना आईने तुला तारीख सांगितली, रस्ताही सांगितला. तू "हं" म्हणालास आणि आणखी वाढून घेतलंस. तुझी इतकी "हं" मी ऐकली आहेत, तरी हे वेगळं होतं ते मला कळलं नाही. आईला कळलं होतं म्हणे. पण ती हे नंतर म्हणाली, आणि नंतर तिला सगळंच कळलेलं असतं.

त्या दिवशी सकाळी आम्ही बस घेऊन आगाराच्या दारातून बाहेर पडलो आणि आमच्या ड्रायव्हरने न सांगताच ब्रेक लावला. समोर काळाभोर, चकचकीत, शिसपेन्सिलीने आखल्यासारखा रस्ता. मधोमध पांढरे पट्टे. मावशी नाही, जुळे नाहीत. शेवटचे अडथळे उचलून ट्रकमध्ये टाकत होते आणि कडेला रोलर उभा होता. रोलरवाल्याने मला ओळखलं. खाली उतरून, टोपी काढून म्हणाला, "ताई, साहेबांनी बजावून सांगितलं होतं, माझ्या बहिणीचं काम आहे, एक खडा वर राहता कामा नये. बघा, राहिलाय का?" मी बघितलं. राहिला नव्हता. निवेदिका पदपथाच्या कडेवर बसली आणि तिने पहिल्यांदाच हळू आवाजात काहीतरी विचारलं. म्हणाली, "साहेबसुद्धा गेला का गं?"

मला तेव्हा तुझा किती राग आला ते लिहीत नाही. आणि त्याच वेळी मला आपली जुनी गल्ली आठवली. मी सायकल शिकत होते. बाबा म्हणाले होते, पडेल तेव्हा शिकेल. दुसऱ्या दिवसापासून माती भरलेलं घमेलं घेऊन तू माझ्यापुढे चालायला लागलास. एकेक खळगा भरायचास, पायाने दाबायचास आणि मग मला हात करायचास. मी पडलेच, पण खळग्यात नाही, तुझ्या पाठीवर आदळून. बाकीची सगळी मुलं गुडघे फोडून शिकली. मला मात्र आजही खड्डा चुकवता येत नाही, कारण चुकवायला तू काही ठेवलंच नव्हतंस. तिथे त्या नव्या डांबराच्या वासात उभी राहून मला हे सगळं आठवत होतं आणि तेवढ्यात मुख्य अभियंत्यांची गाडी आली.

माणूस लांबरुंद, आवाज खर्जातला. बरोबर कंपनीचा एक लेखनिक आणि त्यांचे दुय्यम होते, हडकुळे, छातीशी फाइल धरलेले. मोठ्या साहेबांनी उतरल्या उतरल्या रस्त्याकडे पाहिलं, मग पुन्हा पाहिलं आणि म्हणाले, "वा. असा रस्ता आमच्या बसना जन्मात मिळाला नव्हता." आम्ही त्यांना पुढच्या सीटवर बसवलं, हातात चहाचा कप दिला आणि निघालो. छताला दिव्यांची माळ लावली होती, जितकी वीज तितके दिवे. समोर पडदा होता, त्यावर विजेची रेघ उसळ्या मारताना दिसणार होती. निवेदिकेने भाषण सुरू केलं. बस इतकी अलगद चालली होती की साहेबांच्या चहावर साय धरली. रेघ तळाशी चिकटून सरळ चालली. छतावर अंधार. शाळा गेली, वळण गेलं, निवेदिका "आणि आता पाहा" म्हणाली आणि सगळ्यांनी वर पाहिलं. काहीही झालं नाही. बराच वेळ वर पाहून झाल्यावर मोठे साहेब म्हणाले, "सुरू केलंय का?"

आमच्या ड्रायव्हरला आमची दया आली. त्याने बस नागमोडी चालवून पाहिली, कचकन ब्रेक मारून पाहिले. साहेबांचा चहा दुय्यमांच्या फाइलवर गेला, पण दिवा काही लागला नाही. मग निवेदिकेने जे केलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. ती जाहीर करून मोकळी झाली की आता आपण प्रवाशांच्या हालचालीचा परिणाम पाहणार आहोत, तरी सर्वांनी मागच्या चाकांवर येऊन एकाच वेळी उड्या माराव्यात. आणि ते आले, दादा. तिच्या आवाजात तशी जरब आहेच. आमचा फिटर, मी, कंपनीचा लेखनिक आणि छातीशी फाइल धरून डोळे मिटलेले दुय्यम, असे आम्ही ओळीने उभे राहून उड्या मारत होतो. कोपऱ्यातला एक दिवा मिणमिणला आणि विझला. मोठे साहेब आपल्या जागेवरून शांतपणे म्हणाले, "म्हणजे प्रवाशांनी तिकीट काढायचं आणि वर उड्या मारायच्या?"

तोवर टाकी आली होती. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी सरळ सांगून टाकलं की आमच्या यंत्राला वाईट रस्ता लागतो आणि हा काल-परवापर्यंत वाईट होता. साहेब म्हणाले, मग दाखवा वाईट रस्ता, माझ्याकडे अजून थोडा वेळ आहे. असा आम्ही वाईट रस्ता शोधायला लागलो. यात आमची जी भंबेरी उडाली तिला सर्वस्वी तू जबाबदार आहेस. बाजाराकडे गेलो, तिथे तू मागच्या वर्षीच सिमेंट घातलं होतंस. दवाखान्याच्या मागे गेलो, तिथे फरसबंदी. एका शिंप्याच्या दुकानापुढे बस थांबवून मी विचारलं, "इथे जवळपास एखादा वाईट रस्ता आहे का?" त्याने सुई दातांत धरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "होता. पण एक साहेब आले, स्वतः उभे राहून करून घेतला. फार चांगला माणूस. बोलत नाही जास्त, नुसतं हं हं करतो." पुढच्या गल्लीत लोकांना वाटलं आम्ही रस्ते विभागाचे. माणसं गोळा झाली. एकाला गतिरोधक हवा होता, शेजारच्याला नको होता, त्यांचं आमच्या देखतच जुंपलं. एक आजोबा मोठ्या अभिमानाने "आमचा रस्ता वाईट आहे, या" म्हणून बसपुढे चालत गेले आणि त्यांनी दाखवलं काय, तर गटाराचं एक तिरकं झाकण.

त्या गतिरोधकाच्या भांडणातूनच निवेदिकेला कल्पना सुचली. शाळेच्या मागच्या बाजूला एक गतिरोधक आहे, त्याच्यावरून आम्ही बस नेली. दोन दिवे लागले. आमच्या अंगात जीव आला. मग ड्रायव्हरने बस मागे घेतली, पुन्हा दोन लागले. पुढे, मागे, पुढे, मागे. शहराच्या बस कंपनीचा मुख्य अभियंता भर सकाळी एकाच गतिरोधकावरून उलटसुलट जातोय आणि मागे गाड्यांची रांग भोंगे वाजवतेय. शेवटी वाहतूक पोलीस आला आणि ड्रायव्हरला म्हणाला, "काय हरवलंय का?" मोठ्या साहेबांनी खिडकीतून आपलं ओळखपत्र दाखवलं. पोलिसाने ते नीट वाचलं, परत दिलं आणि म्हणाला, "साहेब, तब्येतीला जपा."

शेवटी ड्रायव्हरच म्हणाला, शहराची हद्द ओलांडल्याशिवाय काही खरं नाही. दगडाच्या खाणीकडे जाणारी वाट नाक्यापलीकडे सुरू होते. तिथे तुझा हात पोचत नाही. नाका ओलांडला आणि पहिल्याच हिसक्याला अर्धी माळ पेटली. मग बस जी नाचायला लागली ती थांबेना. पडद्यावरची रेघ पडदा सोडून वर जायला बघत होती, सगळे दिवे लखलखत होते, निवेदिका दांड्याला लटकून आकडे ओरडत होती आणि फिटर रडत होता. मोठ्या साहेबांचा चष्मा सीटखाली गेला. दुय्यमांनी फाइल खिडकीबाहेर धरली होती, का ते मला आधी कळलं नाही. मग ती त्यांनी स्वतःच बाजूला केली आणि ओकायला डोकं बाहेर काढलं. खाणीच्या फाटकाशी बस थांबली. साहेबांनी चष्मा पुसला, कपाळाला आलेलं टेंगूळ चाचपलं आणि म्हणाले, "बाई, तुमचं यंत्र उत्तम आहे. पण माझ्या बस रोज अशा रस्त्याने जायला लागल्या तर मला वीज नको, नव्या बस लागतील." त्यांचं काही चुकलं नव्हतं. परत जाताना त्यांनी कोणाची तरी मोटार मागवली.

आम्ही फाटकाशी उतरून दगडावर बसलो होतो. तिथे खाणीच्या मालकीणबाई आल्या, वयस्कर, डोक्याला रुमाल, अंगावर पांढरी धूळ. भर दुपारी दिवे लावून नाचत आलेली बस त्यांनी लांबून पाहिली होती. त्यांनी विचारलं काय प्रकार आहे. निवेदिकेला बोलायचं त्राण नव्हतं, मग मीच सांगितलं. बाई गुडघ्यावर हात ठेवून बसच्या खाली वाकल्या आणि बराच वेळ बघत राहिल्या. म्हणाल्या, "माझे डंपर सकाळपासून संध्याकाळपर्यंत हेच खातात. हाडं खिळखिळी होतात, दुसरं काही मिळत नाही. यातून काही निघत असेल तर लावा एकाला." लावलं. चाललं. आता दुसऱ्यालाही लावलंय. दोन्ही डंपरचे दिवे, पंखे आणि ड्रायव्हर लोकांचा रेडिओ आमच्या विजेवर चालतात, इंजिनावर त्यांचा भार नाही, आणि पुढच्या महिन्यात बाई आणखी गाड्या देणार आहेत. कारखान्याला कुलूप लागलं नाही. निवेदिका शाळेत गेली नाही, ते मुलांच्या दृष्टीनेही बरंच झालं. पण हे सगळं नंतरचं. त्या संध्याकाळी आम्हाला यातलं काही माहीत नव्हतं.

त्या संध्याकाळी मी घरी येऊन पाय धुवत होते आणि तू आलास. दारातच उभा राहिलास. प्रात्यक्षिक कसं झालं असं तू आधी विचारलंच नाहीस. तू विचारलंस, "रस्ता कसा होता?" मी दिवसभर तुला काय काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं, चांगली तीन-चार वाक्यं होती, त्यातलं एक तर इतकं झोंबरं होतं की मलाच आवडलं होतं. पण तुझा चेहरा बघितला आणि म्हटलं, "एकही खड्डा नव्हता." तू "हं" म्हणालास. मग आत जाऊन वहिनीला हसत काहीतरी सांगायला लागलास. तू, हसत. आईने मला स्वयंपाकघरात ओढलं, दार लोटून सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "त्याला एवढा खूश मी त्याच्या लग्नातही पाहिला नव्हता. खबरदार एक शब्द बोललीस तर." तेव्हापासून घरात सगळ्यांच्या तोंडाला कुलूप आहे. वहिनीला मी दुसऱ्या दिवशी सांगितलं. ती आधी पोट धरून हसली, मग पदराने डोळे पुसले आणि आईच्या गटात गेली.

आणि मग ती नोटीस आली. तक्रार कोणी केली ते अजून कळलं नाही. आईचं मत, ज्याच्या दारावरून रस्ता गेला नाही असा कोणीतरी असणार. रस्त्याचं काम मुदतीआधी हाती घेऊन सख्ख्या बहिणीच्या व्यवसायाला लाभ मिळवून दिला, असं त्यात लिहिलं होतं. तू ते वाचलंस, घडी घातलीस, रजेचा अर्ज दिलास आणि मामांकडे निघून गेलास. वहिनीशी तू बोलतोस एवढं बरं. चौकशी समितीला द्यायचं उत्तर तू तिला वाचून दाखवलंस म्हणे. एकच वाक्य आहे. "होय, मी हे माझ्या बहिणीसाठी केलं." वहिनीने विचारलं, एवढंच? तू म्हणालास, एवढंच आहे. ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "हा माणूस नोकरी घालवणार, आणि तीही एका वाक्यात."

म्हणून आईची बंदी मोडून मी परवा समितीच्या अध्यक्षीणबाईंना भेटायला गेले आणि माझा जबाब दिला. वर लिहिलं ते सगळं सांगितलं, उड्यांसकट. पडद्यावरच्या रेघेची छापील प्रतही दिली. निवेदिकेला ते पसंत नव्हतं. एकदा ते सरकारी कागदात गेलं की चांगल्या रस्त्यावर आमचं यंत्र म्हणजे निव्वळ ओझं, हे जगजाहीर होणार. म्हटलं, होऊ दे, आता आपण खाणीत आहोत. बाई कडक आहेत. पहिल्यांदा त्या नुसत्या लिहून घेत होत्या. गतिरोधकाशी आल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं आणि कागद तोंडापुढे धरला. कागद हलत होता. मग त्यांनी ती रेघ पाहिली आणि विचारलं, "यंत्र बंद होतं का?" मी म्हटलं, "नाही, चालू होतं. रस्ता चांगला होता." त्यांनी ते शब्द तसेच लिहून घेतले. मग म्हणाल्या, लाभ झालाच नाही तर आरोप कशाचा उरतो? यंदाच्या मंजूर यादीत तो रस्ता होताच, तू फक्त त्याचा नंबर पुढे घेतलास, तेवढ्याबद्दल बोलणी बसतील. ती खायला लागतील. पण नोकरीला धक्का नाही, असं त्यांनी मला जवळजवळ सांगितलंच आहे.

आता हे पत्र का, ते सांगते. सोमवारी माझा जबाब तुझ्यासमोर मोठ्याने वाचला जाणार आहे. तसा नियम आहे. तू एका वाक्याची तुझी कबुली खिशात घेऊन येणार, समोर अनोळखी माणसं, आणि त्यांच्यातलं कोणीतरी सपाट आवाजात वाचणार की तुझ्या रस्त्याने तुझ्या बहिणीचं काम बुडवलं. तू "हं" म्हणशील आणि भिंतीकडे बघशील, आणि त्यांना वाटेल या माणसाला काही वाटलं नाही. म्हणून ते तुला आधी घरच्या माणसाकडून कळावं, तिथे मामींच्या अंगणात, जिथे तुला उठून कुठेतरी चार घमेली खडी टाकता येईल. रागवायचं असेल तर तिथेच रागवून घे. तुझं वाक्य खोडू नकोस, ते खरंच आहे, वाच. त्यानंतर बाई मला बोलावतील आणि मी म्हणेन, होय, त्याने माझ्यासाठीच केलं, आणि उपयोग काडीचा झाला नाही. आईला आत्तापासूनच हसू आवरत नाही, तिला आम्ही बाहेरच्या बाकावर बसवणार आहोत. ती रेघ मी कारखान्यात टेबलासमोरच्या भिंतीवर लावली आहे. निवेदिका म्हणते, काढ ती, आपलं हसं होतं. कालच खाणीच्या मालकीणबाई आल्या होत्या, त्यांनीही विचारलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत ही सरळ रेघ कसली लावलीस गं? मी म्हटलं, हा माझ्या भावाचा रस्ता आहे.

तुझीच,
धाकटी